पाठीसाठी कपिंग: नाशिकमध्ये कोणाकडे जावं?

मुक्ता_इंदिरानगर (धागाकर्ती)

नमस्कार नाशिककर,

वय ४३, बँकेत काउंटरमागची नोकरी. उजव्या खवाट्याच्या आतल्या कडेला गाठ असल्यासारखं ठसठसतं. मार्च एंडिंगला सुरू झालं ते काही केल्या जात नाही. संध्याकाळी स्कूटरवरून द्वारकेचा चौक ओलांडेपर्यंत मान वळवून मागे बघायचीही सोय राहत नाही. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, मणके ठीक आहेत म्हणाले, स्नायू आखडलेत, व्यायाम करा. व्यायाम चालू आहे, म्हणजे चालू-बंद आहे. पंचवटीतल्या मालिशवाल्या मावशी येऊन रगडून जातात, त्यानं दोन-तीन दिवस बरं वाटतं.

परवा ऑफिसातली मैत्रीण पाठीवर जांभळे गोल घेऊन आली आणि म्हणाली की पाठ इतकी मोकळी कधी झालीच नव्हती. तर विचारायचंय की कपिंगचा (पाठीवर कप लावून कातडी आत ओढून घेण्याचा) खरंच उपयोग होतो का, आणि नाशिकमध्ये त्यासाठी फिजिओ, वैद्य, हकीम, स्पा यांपैकी कोणाचं दार वाजवावं? दुसरं म्हणजे, पुढच्या महिन्यात येवल्याला भाचीचं लग्न आहे. पैठणीवरच्या ब्लाउजचा मागचा गळा मोठा शिवून बसले आहे. डाग किती दिवस राहतात?

आणि हो, सासूबाईंचीही पाठ दुखते. त्यांची गेल्या वर्षी अँजिओप्लास्टी झाली, त्याच्या गोळ्या चालू आहेत, बाकी ठणठणीत आहेत. दोघींनी मिळून जाऊन यायचा विचार आहे.

नाव-नंबर धाग्यावर टाकू नका, संपादक उडवतात. व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

गोदाकाठचा_बाब्या

कॉलेज रोडच्या कुठल्यातरी कॅफेतलं कॉफी कपिंग, म्हणजे कॉफी चाखणं, असेल म्हणून धावत आत आलो. चालू द्या. (हलके घ्या.)

निफाडचा_बागायतदार

ताई, मी घेतलंय, सांगतो. द्राक्षाची ऑक्टोबर छाटणी आणि पुढं विरळणीच्या दिवसांत आमचे हात सकाळपासून डोक्याच्या वर असतात. मांडवाखाली मान मागं टाकायची, एका हातात कातर, दुसऱ्या हातानं काडी धरायची. संध्याकाळी भाकरीचा तुकडा मोडायला हात पुढं घेतला तरी खवाट्यात कळ येते. पिंपळगावातल्या फिजिओकडं गेलो. त्यांनी आधी हात वर-खाली करायला लावून बघितलं, मग कप लावले. कप काढल्यावर पाठीवरचं पोतं कुणी उतरवून घेतल्यागत वाटलं. खोटं कशाला बोलू, त्या रात्री झोप लागली.

पण चार-पाच दिवसांनी ये रे माझ्या मागल्या. मग त्यांनी रबरी पट्टा दिला आणि तो दाराच्या कडीला अडकवून ओढायचे प्रकार शिकवले. आता कप वर्षातून कधीतरी, पट्टा मात्र रोज.

आमचा आजा तुंबडी लावून घ्यायचा. गावात एक म्हातारी यायची, शिंग पाठीवर ठेवून दुसऱ्या टोकानं तोंडानं वारा ओढायची. आता तेच प्लॅस्टिकच्या कपात आलंय, फक्त दर वाढलाय.

शंकासुर

तुंबडी पाठीला लावतात, भरते मात्र वेलनेस सेंटरवाल्यांची.

आता जरा गंभीरपणे. हे फॅड पसरलं २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमुळे. मायकेल फेल्प्स खांद्यावर गोल डाग घेऊन पोहायला उतरला आणि जगभर कपांचा खप वाढला. पण रिओला जाण्याआधीच त्याच्या नावावर १८ सुवर्णपदकं होती. तेव्हा कपांची चर्चा कोणी केल्याचं आठवत नाही.

'रक्तातली विषारी द्रव्ये बाहेर पडतात' असं कोणी म्हणालं की उठून चालू लागा. त्या कामाला यकृत आणि मूत्रपिंडं आहेत. कोरड्या कपातून बाहेर काहीही पडत नाही. कप काढल्यावर आत बघा, रिकामाच असतो.

अभ्यास झालेत, नाही असं नाही. मान आणि कंबरदुखीत थोड्या काळापुरता आराम मिळतो असं बऱ्याच अभ्यासांत दिसतं, पण ते बहुतेक लहान आणि कच्चे आहेत. अडचण मुळात अशी की खरा कप आणि खोटा कप यांची तुलना करणंच अवघड. खोटा कप म्हणून बारीक भोक पाडलेला कप वापरतात, म्हणजे ओढ टिकत नाही. पण पाठ ओढली जातेय की नाही हे झोपलेल्या माणसाला कळतंच की! साखरेच्या गोळीसारखी फसवणूक इथे जमत नाही.

मणक्यांचं_माहेर

मी फिजिओथेरपिस्ट आहे, नाशिकरोडला. स्वतःची जाहिरात करणार नाही, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

शंकासुर यांच्याशी बरीचशी सहमत. फक्त 'आराम थोड्या काळापुरता' हे वाक्य मी त्यांच्यासारखं नाक मुरडून म्हणणार नाही. ज्या बाईला दुखण्यामुळे हात वर नेता येत नाही, तिला दोन दिवस जरी हात वर नेता आला तरी त्या दोन दिवसांत मी तिच्याकडून व्यायाम करून घेऊ शकते. मला कपचा उपयोग तेवढ्यासाठीच आहे.

मालिशमध्ये आपण स्नायू खाली दाबतो. कपमध्ये उलटं होतं, त्वचा आणि तिच्याखालचं आवरण वर ओढलं जातं. त्या जागी रक्तपुरवठा वाढतो, तिथल्या चेतातंतूंना वेगळी संवेदना मिळते आणि मेंदूकडे जाणारी दुखण्याची ओरड काही काळ कमी होते. एवढंच. गाठ 'फोडली' वगैरे काही होत नाही.

मुक्ताताई, तुम्ही सांगताय त्या दुखण्याला मी कशी हाताळते ते सांगते, म्हणजे दुसरीकडे गेलात तरी ताडून बघता येईल. आधी बसवून मान, खांदा आणि हाताची ताकद तपासायची. दुखणं खवाट्यात असलं तरी मूळ मानेत असू शकतं, मग पाठीवर कितीही कप लावा. तपासणी झाली की पालथं झोपवायचं, छातीखाली पातळ उशी, तेल लावायचं. सिलिकॉनचा मऊ कप दाबून चिकटवायचा आणि खवाट्याच्या आतल्या कडेने वरून खाली सावकाश सरकवायचा. सगळीकडे तो घसरत जातो, पण जिथे आखडलंय तिथे अडखळतो. हाताला ते लगेच कळतं, आणि त्याच क्षणी पेशंटही 'हां, तिथेच' म्हणते. तिथे कप तसाच ठेवून हात डोक्यावरून पुढे न्यायला सांगायचं, परत मागे. असं काही वेळा. नुसतं पंपाने कप ठोकून मोबाइल बघत बसणारे भेटतील. त्यांच्याकडेही थोडं बरं वाटेल, पण हा भाग हुकतो.

स्थिर ठेवायचे कप पहिल्या वेळी पाच मिनिटांच्या वर नकोत, ओढही हलकी हवी. 'जितका काळा डाग तितका जास्त फायदा' हे साफ चुकीचं आहे. डाग म्हणजे त्वचेतल्या केशवाहिन्या फुटून पाझरलेलं रक्त. गडद डाग म्हणजे जास्त ओढ किंवा जास्त वेळ, किंवा तुमची त्वचा नाजूक. फोड आला तर ओढ नक्कीच जास्त झाली. कण्याच्या हाडांवर आणि खवाट्याच्या टोकावर कप लावत नाहीत. तीळ, चामखीळ, पुरळ चुकवतात. नंतर त्या दिवशी झणझणीत बाम किंवा गरम पाण्याची पिशवी नको, कातडी आधीच हुळहुळलेली असते.

डाग साधारण काही दिवसांपासून दोन आठवड्यांपर्यंत राहतात. सरकत्या कपने कमी उठतात, स्थिर कपने जास्त. लग्न तीन आठवड्यांच्या आत असेल तर मी तुमच्या पाठीला हात लावेन, कप लावणार नाही.

सासूबाईंचं वेगळं लिहिते, ते महत्त्वाचं आहे.

मणक्यांचं_माहेर

सासूबाईंना कप नको. अँजिओप्लास्टीनंतरच्या गोळ्या म्हणजे बहुधा अ‍ॅस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल, दोन्ही रक्त गोठू नये म्हणून असतात. कोरड्या कपनेही मोठे काळेनिळे डाग पडतील आणि रक्त काढण्याच्या प्रकारात ते थांबायचं नाव घेणार नाही. 'मग दोन दिवस गोळी बंद ठेवू' असं कोणी सुचवलं तर अजिबात ऐकू नका. स्टेंट बसवलेल्या माणसाने हृदयरोगतज्ज्ञांना न विचारता गोळी बंद करणं जिवावर बेतू शकतं.

शिवाय वयस्कर बाईची पाठदुखी म्हणजे हाडं ठिसूळ होऊन मणका दबलेला असू शकतो. आधी तपासणी.

कपपासून दूर राहायचे आणखी काही: प्लेटलेट्स कमी असलेले, तापात असलेले, पाठीवर इसब किंवा सोरायसिस भडकलेला असलेले, गरोदर बायका (पोट आणि कंबर तर नाहीच), कॅन्सरचा उपचार चालू असलेले. मधुमेहात संवेदना कमी झाली असेल तर ओढ किती झाली हे पेशंटला कळतच नाही, तिथे फार जपून.

पाठदुखीबरोबर लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, मांड्यांच्या मधली जागा बधिर होणं, पाय लुळा पडणं, ताप, विनाकारण वजन उतरणं यांतलं काही असेल तर कप, मालिश, मावशी सगळं बाजूला ठेवून सरळ हॉस्पिटल.

वैद्य_पंचवटी

+१. सासूबाईंच्या बाबतीत शंभर टक्के.

आयुर्वेदात हे रक्तमोक्षणाखाली येतं. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात तेराव्या अध्यायात शृंग, जलौका आणि अलाबू सांगितलेत. वातदूषित रक्तासाठी गाईचं शिंग, पित्तासाठी जळू, कफासाठी अलाबू म्हणजे भोपळा. निफाडकरांनी जे सांगितलं ते शृंगच, तोंडाने ओढायचं. अलाबूमध्ये आत दिवा ठेवून ओढ तयार करायची. आजचे 'फायर कपिंग'वाले काचेच्या पेल्यात स्पिरिटचा बोळा पेटवतात ती युक्ती इतकी जुनी आहे.

मात्र नीट बघा, तिथे हेतू रक्त काढण्याचा आहे. आखडलेल्या स्नायूसाठी ग्रंथ आधी स्नेहन-स्वेदन सांगतात, म्हणजे तेल आणि शेक. धागाकर्ती माझ्याकडे आल्या असत्या तर कपाआधी तेच दिलं असतं. गणेशवाडीच्या आयुर्वेद महाविद्यालयाच्या रुग्णालयात दाखवून घ्यायलाही हरकत नाही.

जुने_नाशिककर

हिजामाबद्दल, म्हणजे युनानीतल्या कपिंगबद्दल, कोणीच बोलेना म्हणून लिहितो. लहानपण चौक मंडईजवळ गेलं, आमच्या गल्लीत हा प्रकार ओळखीचा. युनानीत दोन तऱ्हा आहेत. कोरडी म्हणजे नुसते कप. ओली म्हणजे कप लावायचा, काढायचा, त्वचेवर बारीक चिरा द्यायच्या, पुन्हा कप लावून रक्त ओढायचं. पुष्कळ मुस्लिम कुटुंबं चांद्रमासाच्या १७, १९, २१ तारखेला करून घेतात, सुन्नत म्हणजे पैगंबरांची रीत म्हणून. त्या दिवसांत गर्दी असते, शांतपणे बघून घ्यायचं असेल तर दुसऱ्या दिवशी जा.

ओल्या हिजामासाठी बीयूएमएस (युनानीची पदवी) झालेल्या डॉक्टरकडेच जायचं. आपल्या जिल्ह्यात मालेगावला मोहम्मदिया तिब्बिया कॉलेज आहे, तिथून शिकलेले डॉक्टर शहरात आहेत. टेबलावर झोपण्याआधी ब्लेडचं पाकीट डोळ्यांदेखत फोडायला सांगायचं. कप नवा, हातमोजे नवे. एकाचा कप दुसऱ्याला लागला की हिपॅटायटिस बी घरी न्यायचा. यात भिडस्तपणा नको. चांगला हकीम रागावत नाही, उलट तोच आधी दाखवतो.

पण खवाट्याच्या आखडलेल्या स्नायूसाठी रक्त कशाला काढायचं? माझं मत विचाराल तर कोरडेच कप पुरेत.

सहा_चाळीसची_पंचवटी

मी पंचवटी एक्सप्रेसचा पासधारक. रोज मुंबई, रोज परत, कसारा घाटात पाठ काय म्हणते ते आमचं आम्हाला माहीत. डब्यातल्या एकाने ऑनलाइन कपांचा पंपवाला सेट मागवलाय. बायकोकडून लावून घेतो म्हणतो. मीही घेऊ का?

मणक्यांचं_माहेर

पंपाचा सेट पाठीसाठी नको. लावणाऱ्याला ओढीचा अंदाज नसतो, झोपलेला 'अजून एक, अजून एक' म्हणत राहतो, आणि फोड उठतात. घ्यायचाच असेल तर एक मऊ सिलिकॉनचा कप घ्या, भरपूर तेल लावून फक्त सरकवा, एका जागी ठेवू नका. मानेच्या पुढच्या बाजूला कधीच नाही. आणि स्पिरिट पेटवायचा प्रयोग घरात करूच नका, भाजल्याची प्रकरणं अशीच होतात.

तुमच्यासाठी याहून कामाचं सांगू? इगतपुरीला गाडी थांबते तेव्हा उठून उभे राहा.

सहा_चाळीसची_पंचवटी

उठलो तर जागा जाते हो!

गोदाकाठचा_बाब्या

पासधारकांच्या पाठदुखीचं मूळ सापडलं.

आडगावकर

माझा अनुभव पॅकेजबद्दल आहे. गंगापूर रोडच्या बाजूला एका ठिकाणी गेलो होतो, नाव घेत नाही. मंद दिवे, बासरीचं संगीत, लेमनग्रासचा वास, सगळं झकास. पाठीला हात न लावताच दहा सेशनचं पॅकेज गळ्यात मारायला लागले. 'तुम्ही काय शिकलात' असं कप लावणाऱ्या मुलाला विचारलं तर दोन दिवसांच्या कार्यशाळेचं सर्टिफिकेट भिंतीवर दाखवलं. कप मात्र आधीच्या गिऱ्हाइकाचे नुसते फडक्याने पुसून घेतले. ते बघून उठलो. पहिल्या सेशनचे पैसे भरले होते, ते परत द्यायला टाळाटाळ केली.

माझी पद्धत आता ठरली आहे. फोनवरच विचारायचं: डिग्री काय, नोंदणी क्रमांक काय. फिजिओ असेल तर बीपीटीएच (फिजिओथेरपीची पदवी) आणि महाराष्ट्राच्या ओटीपीटी (ऑक्युपेशनल थेरपी-फिजिओथेरपी) कौन्सिलची नोंदणी. वैद्य किंवा हकीम असेल तर महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनची. समोरचा अडखळला की फोन ठेवायचा. जे आधी तपासतात आणि 'एकदा करून बघू, फरक नसेल तर पुढे नको' म्हणतात, तिथे जायचं.

जाता जाता, पैसे जपायचे असतील तर आमच्या आडगावचं मविप्र संस्थेचं मेडिकल कॉलेज किंवा त्र्यंबक रोडचं सिव्हिल आहेच. नंबर लावावा लागतो, पण निदान तरी नीट होतं. कपाचं पुढे बघता येतं.

निफाडचा_बागायतदार

डॉक्टर ताई, एक विचारायचं राहिलं. ट्रॅक्टरवर बसताना मी कंबरपट्टा बांधतो. चालतं ना?

मणक्यांचं_माहेर

अवांतर आहे, पण सांगते. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२३ मध्ये जुनाट कंबरदुखीवर मार्गदर्शिका काढली. त्यात व्यायाम, दुखण्याबद्दल नीट समजावून सांगणं, मालिशसारखे हाताने करायचे उपचार यांना जागा दिली आहे. कंबरपट्टा आणि ट्रॅक्शन (कण्याला ताण देऊन ओढणं) मात्र नेहमीचा उपचार म्हणून देऊ नका असं म्हटलंय. म्हणजे ट्रॅक्टरवर एखाद्या दिवशी बांधलात म्हणून आभाळ कोसळत नाही, पण पट्ट्याच्या भरवशावर राहू नका. तुमचा दाराच्या कडीचा रबरी पट्टा जास्त कामाचा.

शंकासुर

डॉक्टरांचे प्रतिसाद वाचून माझा विरोध निम्म्यावर आलाय. उरलेला निम्मा पॅकेजवाल्यांसाठी राखून ठेवतो.

मुक्ता_इंदिरानगर (धागाकर्ती)

सगळ्यांचे आभार. इतक्या लवकर इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. तिघांचे व्यनि आले. त्यातल्या दोघांकडे फोन केला आणि आडगावकरांचे प्रश्न जसेच्या तसे विचारले. एका ठिकाणी 'मॅडम, तुम्ही या तर खरं, मग सांगतो' असं उत्तर आलं. दुसऱ्या ठिकाणी बाईंनी नोंदणी क्रमांक सांगितला आणि उलट मलाच विचारलं की हाताला मुंग्या येतात का, मधुमेह आहे का, कुठल्या गोळ्या चालू आहेत. शनिवारची वेळ घेतली आहे, फक्त तपासणी आणि व्यायाम. कप लग्न झाल्यावर.

सासूबाईंना धागा वाचून दाखवला. गोळ्यांचं ऐकून त्या गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "मला चालत नाही ते तुला कशाला हवंय?" आता त्यांच्यासाठी आधी हृदयरोगतज्ज्ञांना आणि मग हाडांच्या डॉक्टरांना विचारायचं आहे.

मालिशवाल्या मावशींना अजून काही सांगितलेलं नाही. त्यांना कळलं तर वाईट वाटेल.

मणक्यांचं_माहेर

मावशींना सोडू नका. खवाट्याच्या आतल्या कडेला हलक्या हाताने, मणक्यावर जोर न देता रगडायला सांगा, व्यायामाबरोबर ते छान चालतं.

शनिवारी जाताना जुना एक्स-रे आणि सध्याच्या गोळ्यांची चिठ्ठी बरोबर न्या. जुना कॉटनचा टी-शर्ट घाला, तेलाचे डाग जात नाहीत. आणि काउंटरमागे तुम्ही बसता तशा बसलेल्याचा एखादा फोटो सहकाऱ्याकडून काढून घ्या, बाजूने. खुर्ची आणि मॉनिटर कसे आहेत ते त्या बाईंना बघू द्या.

सहा_चाळीसची_पंचवटी

आमच्या डब्याचाही फोटो टाकू का, बाजूने?